सोमवारचा शिक्का

"बाबा, आपण आता श्रीमंत झालो का?"

कोतोहाने विचारलं आणि आत्याच्या जेवायच्या काड्यांमधली कोळंबी पुन्हा डब्यात पडली. आजोबा गेल्यानंतरचा, एकोणपन्नासाव्या दिवसाचा विधी होता. भिक्षू मंत्र म्हणून गेले होते, पाहुणे पांगले होते. हा प्रश्न घरी विचारायची पैज वर्गातल्या मैत्रिणींनी लावली होती. माघार घेतली असती तर आठवडाभर वर्ग एकटीने झाडायचा! आणि कोतोहा आता माघार घेणाऱ्यांतली राहिली नव्हती. गेल्या वर्षी फळ्यापाशी उभं केलं की जिचे पाय लटपटायचे, तीच आता शाळेच्या सामन्यांत घोषणा देणाऱ्या पथकाची म्होरकी होती.

"श्रीमंत!" बाबांनी काळा टाय सैल केला. "अगं, सकाळीच करसल्लागारांचा फोन आला. कंपनीकडून आजोबांची भरपाई आली ना, तिच्यावर वारसाकर लागेल म्हणाले."

"फुप्फुसांवरही कर लागतो?"

"हळू बोल," आई म्हणाली.

पण हळू कसं बोलायचं! आजोबांनी उभा जन्म गोदीत जहाजांच्या वाफेच्या नळ्यांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्यात घालवला. घरात शिरण्याआधी ते अंगणात कपडे झटकायचे, तेव्हा कॅमेलियाच्या पानांवर पांढरी पूड बसायची. पुढे खोकला आला, मग नाकात प्राणवायूची नळी आली. कंपनी वर्षानुवर्षं म्हणत राहिली, सिगारेटमुळे झालं असेल. आजोबांनी जन्मात सिगारेटला हात लावला नव्हता.

"हे बघ," बाबा म्हणाले, "भरपाईचा करार ते असताना झाला, तर पैसे त्यांचे. ते गेले, म्हणजे आपल्याला वारशाने आले. घराची जागा धरली की सवलतीची मर्यादा ओलांडते, मग कर. तेच ते गेल्यावर कंपनीने आपल्याशी करार केला असता, तर ती आपल्या दुःखाची भरपाई. तिला कर नाही."

"करारावर सहीचा शिक्का सोमवारी मारला आणि बुधवारी गेले," आत्या पुटपुटली. "अप्पा रविवारीच गेले असते, तर..."

कोतोहा बाबांकडे बघत राहिली. आता हे आत्यावर ओरडणार, ताट सरकवून उठणार. बाबांनी नुसती होकारार्थी मान हलवली. म्हणजे हा हिशेब त्यांनीही मनात करून झाला होता!

"सल्लागाराला काय सांगितलंस, दादा?"

"अजून काही नाही. उद्या बोलावलंय. शिक्का कोणी मारला, कधी मारला, ते विचारणार आहेत."

"मग झालं तर! कागदावर तारीख नाही, पाकीट तू अंत्यविधीनंतर पोस्टात टाकलंस. शिक्क्यावर नुसतं आडनाव, ते तर आपल्या सगळ्यांचंच. घरच्यांनी मागाहून मारला म्हणायचं. खोलीत तेव्हा होतं कोण? ही एकटी." आत्या कोतोहाकडे वळली. "तुझ्याच खाजगी शाळेच्या फीचे पैसे वाचतील, वेडे."

खोलीत ती एकटीच होती, हे खरंच. लाल शाईची डबी तिनेच धरली होती. "द्या आजोबा, मी मारते," असंही म्हणाली होती. "नाही," म्हणत त्यांनी तोंडावरचा प्राणवायूचा मास्क ओढून काढला. शिक्का मारण्याआधी त्यावर तोंडाची वाफ सोडायची, ही त्यांची आयुष्यभराची सवय. छातीत वारा उरला नव्हता, तरी त्यांनी शिक्का ओठांशी धरून "हाऽ" केलं. ओठ निळे पडले. मग दोन्ही हातांनी दाबून मारला. लाल गोल जराही तिरका उमटला नाही.

"बघ," ते धापा टाकत म्हणाले, "मी असताना... कबूल केलं कंपनीने."

"बाबा, आई." कोतोहा उठून उभी राहिली. पथकापुढे उभी राहते तशी ताठ. आवाज मात्र घरातलाच निघाला. "उद्या सल्लागारांकडे मीही येणार. शिक्का आजोबांनी मारला, स्वतःच्या हाताने, हे मी सांगणार."

"आणि तुझी शाळा?" आईने विचारलं.

"गावातल्या शाळेत जाईन. जो काय कर असेल तो भरा. पण सोमवारी आजोबा जिवंत होते, बाबा."