खांडीतली बाई

दोन हजार बावीस साल होतं. रोह्याच्या एका नाट्यमंडळाने नव्या नाटकांची लेखनस्पर्धा ठेवली होती. पाच नाटकं निवडायची, त्यांच्यावर दिग्दर्शकाने काम करायचं आणि मग ती रंगमंचावर आणायची, असा बेत. त्या पाचांत माझ्या सुनेचं, पूजाचं नाटक होतं. धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून, बसमध्ये मांडीवर वही ठेवून तिने ते लिहिलं होतं. नाटकाच्या फलकावर आपलं नाव लागावं, एवढाच तिचा ध्यास.

नाटक आमच्या पेणच्या खारेपाटातलं. खरं तर माझंच. मी बावीस वर्षांची असताना खाडीचा बांध फुटून खांड पडली, म्हणजे भगदाडातून खारं पाणी भातशेतात शिरू लागलं. खांड पडली की ओहोटी आहे तोवर घरटी एका माणसाने बांधावर हजर व्हायचं, हा आमच्याकडचा रिवाज. न जाणाऱ्याशी गाव बोलत नसे. आमचे हे तापाने फणफणलेले, म्हणून मी गेले. शेजारच्या अमीनाचा नवरा जहाजावर, म्हणून ती आली. शेवटचं भगदाड बुजवताना कुणीतरी आत उभं राहून अंगाने पाणी अडवावं लागतं. मी उभी राहिले. अमीनाने माझ्या पाठीशी चिखलाचे गोळे रचले. बांध सांधला, भात वाचलं.

मंडळाच्या हॉलमध्ये वाचन ठेवलं, तेव्हा पूजाने आम्हा दोघींना नेलं. अमीनाचं काम करणारी नटी ओरडली, "या अल्लाह! बायजाबहन, ये क्या हो गया!"

खरी अमीना माझ्या कानाशी लागली. "बायजे, ही कोन गो?"

"तूच हायस."

"मी? मी हिंदी कदी बोलले? माज्या बापाला पन येत नव्हती!"

पुढे बायजा खांडीत उतरली आणि बुडून मेली. मागे बासरी वाजली.

पूजा उठली. "सर, हे मी नाय लिवलं."

दिग्दर्शक आदर्श हसला. "पूजाताई, नाटक असंच घडत जातं. बाई मेल्याशिवाय प्रेक्षक हलत नाही. आणि ती दुसरी मुसलमान आहे, हे पहिल्याच वाक्यात कळायला हवं."

"नावावरनं कळतंय की!"

"बदल मान्य नसतील तर नाटक यादीतून जाईल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मास्तर, मारलंस कुनाला? मी हितं बसलेय! बांध सांधून घरी गेले, नवऱ्याला पेज पाजली, दुसऱ्या दिशी शेतावर होते. त्ये दाखवायची लाज वाटते तुला?"

"आजी, हे काल्पनिक आहे."

"मंग माजा बांध कशाला घेतलास? तुज्या मनातला एकादा फोड!"

पूजाने टेबलावरचे कागद गोळा केले, नटीच्या हातातलेही ओढून घेतले. "चला आई. चाची, चला."

दारात अमीना नटीकडे वळली. "पोरी, चिखल रचताना मराठीतच बोंबलायचं असतं गो."

पूजाचं नाव यादीतून गेलं. पण गावातल्या बायका जमवून तिने नाटक आमच्या खळ्यात केलं, नंतर खारेपाटातल्या आणखी सात गावांत. ती अजून कंपनीत आहे; दुसरं नाटक अर्धं झालंय. आमचे हे पहिल्या प्रयोगाला पुढेच बसले आणि "मला येवडा ताप नव्हता" म्हणून आठवडाभर रुसले. आता त्यांना काठीशिवाय चालवत नाही. अमीना गेल्या पावसाळ्यात गेली, आपल्या खाटेवर, नातवंडांच्या गराड्यात. आदर्शने पुढच्याच वर्षी स्वतःच्या नावाने नाटक काढलं. बांध होता, खांड होती, हिंदी बोलणारी शेजारीण होती. त्याला बक्षीस मिळालं आणि तो मुंबईला गेला. मी पंच्याहत्तरीची झाले, अजून त्या बांधावरून रोज चालते. त्याच्या नाटकात मात्र मी दर प्रयोगाला बुडते, आणि लोक टाळ्या वाजवतात.