भैयाजीची कवळी आणि कानस

भैयाजीच्या हाताबद्दल वादच नाही. उभी हयात कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर म्हणून काढलेला माणूस. मशीन कुठे घासते ते नुसता कान लावून सांगायचा. पण म्हणून काय स्वतःच्या कवळीला कानस लावायची? लावली बुवा त्याने!

कवळी बसवली तेव्हाच डॉक्टरने बजावलं होतं, दरसाल दाखवायला या. भैयाजी एकदाही गेला नाही. दुखत नाही तर जायचं कशाला! मग काही वर्षांनी उजवीकडचे दात आधी टेकायला लागले. भैयाजीने चष्मा चढवला, बारीक कानस काढली आणि उजवी बाजू घासली. मग डावी टेकायला लागली. तीही घासली.

"अवो, ते का लोखंड हाय?" त्याची बायको मीराबाई कपाळावर हात मारून म्हणायची.

"लेवल जमली पायजे," तो म्हणायचा.

लेवल जमवता जमवता दात सपाट झाले, हनुवटी नाकाच्या भेटीला निघाली, खालचा जबडा पुढे सरकला आणि बोलताना कवळी टकटक वाजायला लागली.

तरी चाललं असतं. पण नातीचं, रोशनीचं लग्न ठरलं. केळझरच्या आसपास बौद्धाघरी लग्न असलं की वंदना घ्यायला भैयाजीच लागायचा. त्याने त्रिशरण-पंचशील म्हणायचं, नवरा-नवरीने मागून म्हणायचं. रोशनी तर लहानपणापासून सांगत आलेली, "आबाजी, माह्या लग्नात तुमीच वंदना घेजा."

मग मात्र तो वर्ध्याला धावला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी कवळी उलटीपालटी करून पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला.

"काका, बिघाड कवळीत नव्हताच. दात गेले की खालचं हाड झिजत जातं. कवळी खाली बसत गेली, जबडा पुढे सरकत गेला. आणि तुम्ही वरून घासत राहिलात."

"मंग नवी करून द्या."

"देऊ. पण आधी ही काढून ठेवा, हिरड्या शांत होऊ द्या. जबड्याची सवय मोडायला वेळ लागेल. आणि खाली हाडच फारसं उरलं नाही, नवी तरी किती धरेल, सांगता येत नाही."

"लग्न रविवारी हाय, बाई."

बाईंनी कवळी पुसून त्याच्या हातात परत दिली.

घरी येऊन त्याने पुन्हा कानस हातात घेतली. पायाच खचत चाललेला, तिथे फिटर काय करणार? कुठे घासायचं तेच सुचेना. कानस खाली ठेवली आणि म्हातारा ढसाढसा रडला.

रविवारी मांडवात माइक हातात आला. दातांशिवाय नुसतं फसफस व्हायचं, म्हणून जुनीच कवळी घातलेली. पहिला शब्द काढला तशी खालची कवळी उचलली गेली. जिभेने दाबून धरावी, तर जीभ बोलायला मोकळी राहीना! रोशनी पांढऱ्या साडीत हात जोडून त्याच्या तोंडाकडे बघत थांबलेली. सारा मांडव थांबलेला. शेवटी मीराबाईने माइक घेतला आणि खणखणीत आवाजात वंदना घेतली. तिला सारं पाठच होतं. रोशनी आजीमागून म्हणत गेली, पण बघत राहिली आबाजीकडेच.

लग्न लागलं. रोशनी पाया पडायला वाकली. भैयाजीने तोंड उघडलं, कवळी घसरली, त्याने चटकन तोंडावर हात धरला.

"पाहा वं, म्हाताऱ्याले कसं भरून आलं!" बाया म्हणाल्या.

"आबाजी, रडू नका ना," म्हणत रोशनीच रडायला लागली.

तो रडत नव्हता हो! त्याला फक्त 'सुखी राह्य' एवढंच म्हणायचं होतं. एक हात तिच्या डोक्यावर, एक आपल्या तोंडावर, असा तो नुसता उभा राहिला.