मेहमुदाच्या दुकानातला आरसा

मी एक जुना आरसा आहे. कडेने माझा पारा उडालाय आणि एका कोपऱ्यात तडा गेलाय. मी मूळचा एका कपाटाच्या दाराचा. कपाट मोडीत निघालं तेव्हा बाबालालने मला चौकट घालून घेतली आणि धाकट्या बहिणीच्या, मेहमुदाच्या, बांगड्यांच्या दुकानात टांगलं. तेव्हापासून मी कसबा बावड्यातच. मित्रांनो, माणसं जगाशी खोटं बोलतात, माझ्याशी नाही. 'मला कुठली आलीय हौस' म्हणणारी बाईसुद्धा जाताना मान वाकडी करून माझ्यात डोकावतेच.

मेहमुदा बांगड्या भरायची त्या हाताने कमी, तोंडाने जास्त. गिऱ्हाइकाच्या सासूची अशी नक्कल करायची, की बाई हसली, मूठ सैल पडली आणि बांगडी कधी चढली ते कळायचंही नाही. हात भरावा तो मेहमुदानेच, असं सगळ्या म्हणायच्या. त्या कौतुकातला माझा वाटा मी गुपचूप काढून घ्यायचो.

मग तिची मूत्रपिंडं निकामी झाली. बाबालालने आपलं एक तिला दिलं. शरीराने ते परकं म्हणून झिडकारू नये यासाठी सकाळ-संध्याकाळ गोळ्या सुरू झाल्या. तिचा चेहरा उजळला. पण काही महिन्यांत हिरड्या फुगल्या आणि दातांवर चढू लागल्या. घासताना रक्त यायचं, म्हणून तिने दात घासणंच कमी केलं. हिरड्या आणखी फुगल्या. जंतुसंसर्ग नको म्हणून तोंडाला मास्क होताच. दवाखान्यातही तिने तो उतरवला नाही. माझ्यावर तिने ओढणी टाकली. ओढणी जाळीची होती. मला दिसायचं.

हा गोळीचाच प्रताप, हे तिने बरोबर ओळखलं. चुकली ती पुढे. सगळा जन्म घासाघिशीत गेलेला. डॉक्टरांनी सांगितलेल्या गोळ्या म्हणजे तिला पहिला बोललेला भाव वाटला. थोडं कमी-जास्त चालायचंच! संध्याकाळची गोळी ती फुटक्या काचांच्या डब्यात टाकू लागली. हिरड्या होत्या तशाच राहिल्या. पापण्या आणि पाय मात्र सुजले. मी पाहत होतो, पण आरशाला डोळे असतात, तोंड नसतं.

अशातच जुनी गिऱ्हाईक आक्का आपल्या नातीला, संयोगिताला, लग्नाचा चुडा भरायला घेऊन आली. मेहमुदा मास्कआड मुकी. पोरीची मूठ दगडासारखी. पहिलीच हिरवी बांगडी कट्‌ झाली आणि मनगटावर रक्त आलं.

"वाढली," मेहमुदा पुटपुटली. बांगडी फुटली असं आमच्यात म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"वाढंल न्हाय तर काय! तुझ्या बोलण्यावर हात सैल पडत्यात पोरींचं. तोंडाला कुलूप लावून चुडा भरतीस व्हय?"

मेहमुदाने मास्क खाली ओढला. "कुठल्या तोंडानं हसू, आक्का?"

आक्का हिरड्यांकडे नाही, सुजलेल्या पापण्यांकडे बघत होती. विचारत विचारत तिने गोळीपर्यंत माग काढला आणि नातीला म्हणाली, चुडा ऱ्हाऊ दे, हिच्या भावाला फोन लाव.

बाबालाल रिक्षा घेऊन आला. तो ओरडेल असं मला वाटलं होतं. त्याने काचांतली एक गोळी उचलली, तळहातावर धरली.

"बांगडी वाढली तर पेटीत दुसरी हाय, मेहमुदा. माझ्याकडं किडनी आता एकच उरलीया."

दवाखान्यात कळलं, या गोळीने हिरड्या वाढतात हे डॉक्टरांना ठाऊकच होतं. तिने तोंड दाखवलं असतं तर तेव्हाच गोळी बदलली असती. आता ती बदलली. दातांच्या डॉक्टरांनी वाढलेल्या हिरड्या छाटल्या. पण गोळ्या चुकवल्याने भावाच्या देण्याला झालेली इजा पुरती भरून आलेली नाही. तपासणीच्या दिवशी दुकान बंद असतं आणि मी तिच्या रिकाम्या पाटाकडे बघत राहतो.

मित्रांनो, कुणाचं तोंड वेगळं दिसलं तर टक लावू नका. ते काम माझं आहे. आणि औषधाने काही बिघडलं, तर डॉक्टरांपासून झाकू नका, मनाने गोळी बंद करू नका.

माझ्यावरची ओढणी आता निघाली आहे. मेहमुदा संध्याकाळची गोळी माझ्यासमोर घेते. पाणी पिते आणि लहान मुलासारखं तोंड उघडून मला दाखवते. तेवढ्यासाठी मी टिकून आहे. तडा गेलाय खरा, पण अजून वाढलेलो नाही.