लाडीला पाजलेलं औषध

मी बांबूची एक नळी आहे. हातभर लांब, एका टोकाला पेर शाबूत, दुसरं टोक तिरकं कापलेलं. जनावरांना औषध पाजायला माझा उपयोग करत. करत असं म्हणते, कारण आता करत नाहीत.

मी वाढले सातपुड्याच्या उतारावर. जळगाव जामोदच्या बाजारात तुळशीराम नावाचा कारागीर टोपल्या विकायला बसायचा. त्यानं मला कापलं, काचेच्या तुकड्यानं घासलं आणि टोपल्यांच्या शेजारी ठेवलं. चांगुणानं मला उचललं ते तिथंच. तिनं माझ्या तोंडावरून बोट फिरवलं आणि मला परत त्याच्यापुढं धरलं.

"अजून घास," ती म्हणाली. "ढोराच्या जिभेले लागन."

त्यानं पुन्हा घासलं. तेव्हाच मला कळलं, बाई साधी नाही.

चांगुणाचं गाव बाजारापासून तासाभराच्या वाटेवर. घरात मुलगा, सून राखी आणि गोठ्यात कवडी नावाची गाय. गावात कुणाचं जनावर बिघडलं की लोक चांगुणाला बोलवायचे. त्यांना वाटायचं, ती येईल, मला पिशवीतून काढील, काहीतरी कडू पाजील आणि जनावर उठून उभं राहील. पण मला बाहेर काढायची तिला कधीच घाई नसे. ती आधी विचारायची. काय खाल्लं, पाणी कुठलं, शेण कसं पडलं, रवंथ कधी थांबलं. मग जनावराच्या कानाच्या मुळाशी हात लावायची. डाव्या कुशीला कान टेकून कितीतरी वेळ उभी राहायची.

एका घरी म्हशीचं दूध आटलं होतं. घरच्यांनी औषध मागितलं. चांगुणानं म्हशीच्या पाण्याच्या टाक्यात हात घातला. टाकं दिवसभर उन्हात, पाणी चटका बसावा इतकं तापलेलं. म्हैस पीतच नव्हती. तिनं टाकं सावलीत घ्यायला लावलं आणि मला न काढताच घरी आली. दुसऱ्या एका घरी बैल चाऱ्याला तोंड लावत नव्हता. त्याचा जोडीदार आठवड्यापूर्वी विकला होता आणि हा एकटा भिंतीकडे तोंड करून बांधलेला. तिनं त्याला अंगणात, इतर गुरं दिसतील असं बांधायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी तो खायला लागला.

लोक म्हणायचे, हिच्या हाताला गुण आहे. ती म्हणायची, हाताला नाही, डोळ्याला आहे, आणि डोळे तुम्हालाही आहेत.

दवाखान्यातल्या डॉक्टर संजीवनीबाई लस टोचायला गावात आल्या की चांगुणा घरोघर फिरून गुरं बाहेर काढायला लावायची. ओव्याचं काम ओव्यानं करावं आणि सुईचं सुईनं, असं तिचं म्हणणं. त्यामुळे डॉक्टरीणबाईंना तिच्याबद्दल फार माया.

माझ्या बाबतीत तिचा एकच नेम होता. एका जनावराच्या तोंडातून निघाले की मला उकळत्या पाण्यातून काढायचं, छपरावर उन्हात वाळवायचं, मगच दुसऱ्या जनावराकडे न्यायचं. मी तिच्याकडे अकरा वर्षं आहे. अकरा वर्षांत हा नेम एकदाच मोडला.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. कवडीला कालवड होऊन दीड महिना झाला होता. तांबूस रंगाची, कपाळावर पांढरा ठिपका. राखीनं तिचं नाव लाडी ठेवलं. गावात लस टोचली तेव्हा कवडी गाभण, शेवटच्या महिन्यात होती, म्हणून तिला टोचली नव्हती. व्याल्यावर टोचू म्हणता म्हणता राहून गेलं.

चांगुणाची धाकटी बहीण कोकिळा मलकापूरकडच्या एका खेड्यात असते. तिचा फोन आला. बैल दोन दिवस खात नाही, तोंडातून लाळेची तार लागली आहे. चांगुणा मला घेऊन एसटीनं गेली. बैल पाहताच तिनं ओळखलं, लाळ-खुरकूत. तोंडात फोड, खुरांच्या बेचक्यात जखमा. तिनं तुरटीच्या पाण्यानं तोंड धुतलं, बैलाला वेगळं बांधलं, तिथल्या डॉक्टरला बोलवायला लावलं. तिला मला काढायचं नव्हतं. पण कोकिळा रडायला लागली. दोन दिवसांचा उपाशी आहे, पोटात काहीतरी जाऊ दे, म्हणाली. तेव्हा चांगुणानं पातळ पेज केली आणि माझ्यातून घोट घोट पाजली. बैलाची लाळ माझ्या अंगभर चिकटली.

निघताना तिनं हातपाय धुतले, लुगडं बदललं. मला एका वेगळ्या पिशवीत बांधलं. घरी गेल्यावर उकळायचं, असं स्वतःशी पुटपुटलीही.

घरी पोहोचेतो अंधारलं. अंगात कणकण होती, ती तशीच झोपली. सकाळी राखीच्या हाकेनं जागी झाली. लाडीचं दावं सुटलं होतं. रात्रभर आईला पिऊन तिचं पोट ढोलासारखं फुगलं होतं. ती मान टाकून पडली होती. चांगुणा धावली. तेलात ओवा घातला, पिशवी ओढली आणि मला बाहेर काढलं.

मला आवाज असता तर मी तेव्हा ओरडले असते.

तिनं लाडीची मान मांडीवर घेतली, माझं तोंड तिच्या गालफडात घातलं आणि हळूहळू तेल सोडलं. लाडीची जीभ मऊ होती, कोमट होती. तासाभरात पोट उतरलं. दुपारी ती अंगणात उड्या मारत होती, आणि चांगुणा ओसरीवर बसून हसत होती. मी तिच्या शेजारीच पडले होते. माझ्याकडे तिचं लक्ष गेलं नाही.

लाडी रोज कवडीलाच पीत होती. चौथ्या दिवशी कवडीच्या तोंडातून तार लागली. चांगुणानं तिचा जबडा उघडला, आत पाहिलं आणि वळून माझ्याकडे पाहिलं. कितीतरी वेळ पाहिलं. मग खाली बसली.

डॉक्टरीणबाई तासाभरात आल्या. त्यांनी इंजेक्शनं दिली. लाडीचं काळीज तपासलं आणि हा रोग वासरांच्या काळजालाच धरतो, तिला फार हलू देऊ नका म्हणाल्या. संध्याकाळी लाडी आईच्या सडाला लागली. चार घोट प्यायली आणि पितापिताच कोसळली. तोंडात दूध होतं. कवडी तिला चाटत राहिली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोग कपड्यांवरून येतो, वाऱ्यानंही येतो, तुम्हीच आणला असं कसं म्हणता?

"नाई डॉक्टरीणबाई," चांगुणा म्हणाली. "नळी म्याच घातली तिच्या तोंडात."

मग तिनं केलं ते फार थोड्यांना जमलं असतं. लपवता आलं असतं, कुणी विचारलंही नव्हतं. पण ती घरोघर गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहून एकच सांगत गेली.

"माह्या गोठ्यात खुरकूत आली. म्याच आणली. तुमचे ढोरं माह्या दारावरून नेऊ नका, अन् ज्याची लस राह्यली त्यानं आज टोचा."

कुणी हळहळलं. कुणी दार लावून घेतलं. गावात आणखी एकही जनावर गेलं नाही. कवडीही महिन्याभरात खायला लागली.

चांगुणानं त्याच आठवड्यात मला उकळलं. चूल पेटवून समोर बसून राहिली, पाणी आटेपर्यंत. मी उभी चिरले. आता माझ्यात थेंबही टिकत नाही. मी गोठ्याच्या खिडकीत पडून असते. मागच्या सोमवारी राखीनं झाडलोट करताना मला चुलीकडे नेलं होतं. चांगुणानं अडवलं.

"जाळू नको. मले दिसली पायजे," म्हणाली.

लोक अजून येतात. ती त्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवते आणि आत जाते. गोठ्यात पाऊल ठेवत नाही. रोज सकाळी दाराशी पाण्याची बादली ठेवते आणि वळते. कवडी हंबरते, दावं ताणून मान लांब करते. चांगुणा ऐकते, पण थांबत नाही.

माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या गोठ्यात माझ्यासारखी नळी असेल तर तिला प्रत्येक जनावरानंतर उकळा, घाईत असाल तेव्हा तर नक्कीच. आणि तुमच्यापैकी कुणी चांगुणाला ओळखत असेल, तर तिला हाताला धरून आत आणा, कवडीपाशी. त्याआधी मला खिडकीतून काढून बाहेर फेकलंत तरी चालेल.