आडवी बोटं

बाकावर सात, पायरीवर पाच आणि टेम्पोच्या सावलीत दहा; एकूण बावीस माणसं, सगळे पुरुष. बहुतेकांचे दात विटकरी. रेवाने दवाखान्याच्या दारातून दोनदा मोजलं, तेव्हा कुठे तिला पटलं, की एवढे पेशंट खरंच आपल्याकडे आलेत.

तिच्या वर्गातल्या सत्यजीतने नवीन पनवेलच्या टॉवरमध्ये दवाखाना थाटला होता. त्याच इमारतीत आणखी तीन दंतवैद्य होते आणि चौघं दिवसभर एकमेकांच्या पाट्या वाचत बसायचे. रेवाने वेगळा विचार केला. शिरढोणच्या अलीकडे, नव्या बांधकामांपाशी बिहार-झारखंडची हजारो माणसं पत्र्याच्या खोल्यांतून राहत होती आणि दाताचा डॉक्टर एकही नव्हता. तरी खुर्ची रिकामीच राहिली. दात दुखतो म्हणून कामाचा खाडा कोण करणार? दवाखाना आवरायची वेळ आली, तेव्हा मजूर पुरवणारा दीपेश दारात उभा राहिला.

"आमच्या मजुरांचे तीन कॅम्प तुमच्याकडं लावतो, मॅडम. बिल्डरला पास झाल्याचा कागद लागतो, सगळ्यांची तपासणी तुमीच करा. फकस्त कोणाला घाबरवू नका. घाबरला का गाडी पकडून गावाला पळतो."

आज त्याच्या माणसांची पहिली खेप होती.

तपासणीची सुरुवात रेवा सोप्या गोष्टीने करायची. पेशंटने स्वतःची तीन बोटं, एकावर एक अशी उभी धरून, तोंडात घालायची. निरोगी तोंड साधारण चाळीस मिलिमीटर उघडतं, बोटं मावतात. सुपारी-तंबाखूची पुडी वर्षानुवर्षं गालात धरली, की आतली कातडी ताठरते आणि तोंड हळूहळू मिटत जातं. त्यातल्या काहींना पुढे कॅन्सर होतो.

पहिला खुर्चीत बसला आणि तिने काही सांगायच्या आतच बोटं तोंडात घातली. आडवी, एकाशेजारी एक. तशी ती कुठल्याही फटीत जातील. दुसऱ्यानेही तसंच केलं. तिसऱ्यानेही.

"ये किसने सिखाया?" तिने विचारलं.

"दीपेश सेठ ने, मैडम जी. टेम्पो में. बोले, ऐसे करोगे तो पास."

रेवाने त्याची बोटं उभी केली. दोन कशीबशी गेली. पट्टीवर सव्वीस. मग तिने पहिल्यापासून सगळ्यांना पुन्हा बसवलं. बावीसपैकी नऊ जणांचं तिसरं बोट बाहेर राहिलं.

दुपारी दीपेश वडे आणि चहा घेऊन आला. स्वतःच्या वड्याचा त्याने बोटांनी चुरा केला आणि चिमूट चिमूट तोंडात टाकू लागला. चहा तसाच ठेवला.

"काय दादूस, चहा उद्या पिणार हायस?" निशा म्हणाली. ती रेवाची मदतनीस, दीपेशच्याच गावची.

"गरम झोंबतो गो. लय दिवस तोंड आलंय."

रेवाने त्याच्याकडे नीट पाहिलं. बोलताना त्याचे खालचे दात दिसतच नव्हते.

"नऊ जणांना मोठ्या हॉस्पिटलात पाठवावं लागेल," ती म्हणाली.

"म्हंजे घाबरवलंत." तो ओठांतल्या ओठांत हसला. "नऊ गेले का त्यांच्या पाठी नव्वद जातात. मंग स्लॅब काय तुमी टाकणार? बावीस पास करा, उद्या दुसरा टेम्पो येतो. नायतर दुसरा डॉक्टर तयार हाय. तो एवढं बघत नाय."

रेवाची नजर बाकाकडे गेली. उद्या तो रिकामा असेल, परवाही.

"नऊ जण जातील," ती म्हणाली. "आणि तुम्ही जरा खुर्चीत बसा."

"मी? आमचं तोंड लय मोठं हाय, गावात कोणालाबी विचारा."

निशा फिसकन हसली. दीपेश मजेत खुर्चीत टेकला आणि त्याने तीन बोटं आडवी घालून दाखवली. "विम्याच्या तपासणीला असंच केलेलं. पास झालो ना."

"उभी धरा. एकावर एक."

एक बोट गेलं. दुसरं दातांवर अडलं. त्याने जोर लावला; नख दातावर घासल्याचा आवाज आला. निशाचं हसू थांबलं. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. दीपेशने बोटं बाहेर काढून शर्टाला पुसली आणि पुन्हा घालून पाहिली. तेवढंच.

रेवाने दिवा खाली ओढला आणि वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत पट्टी धरली.

सतरा मिलिमीटर.