गोदाने ऐकलेली गळती

तिसरा खड्डाही कोरडा निघाला, तेव्हा खोदणारे गडी पहारी टाकून बसले. भागोजी काठावर उभा होता. कुणाकडे बघावं तेच त्याला कळेना.

रत्नागिरीच्या रस्त्यांखालचे नळ जुने झाले होते. गळलेलं पाणी वर दिसत नसे, सच्छिद्र जांभा दगड ते आतल्या आत पिऊन टाकी. म्हणून भागोजी जमिनीत लोखंडी कांब ठोकायचा, तिच्या टोकाला कान लावायचा आणि नेमकी जागा सांगायचा. वीस वर्षांत त्याचा शब्द चुकला नव्हता. पण आता कान गेले होते. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं; नोकरीच त्या कानांवर होती. आज त्याने अंदाजाने जागा दाखवल्या, आणि इस्पितळात कालपासून पाण्याचा थेंब नव्हता.

दुपारी त्याची बायको गोदा भाकरी घेऊन आली. घरी दोन-दोन हाका माराव्या लागू लागल्या तेव्हाच तिला उमजलं होतं. नवऱ्याला कमीपणा नको म्हणून बोलली नव्हती. गळतीचा आवाज कसा असतो, ते तिने त्याच्याच तोंडून अनेकदा ऐकलं होतं. तिने तिन्ही खड्डे पाहिले. पदर खोचला, मातीत गुडघे टेकले आणि कांबीला कान लावला. गडी हसले. ती उठली, उतारावर थोडं खाली, दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी जाऊन तिने कांब पुन्हा ठोकायला लावली आणि बराच वेळ ऐकत राहिली.

"हितं खणा. गडग्याच्या बुडाशी वाजतंय."

कंबरभर खोदल्यावर पाणी उसळलं. वरची चावी बंद करून भागोजी खड्ड्यात उतरला. फुटक्या सांध्यात त्याने सुतळी ठासली, शिसं वितळवून ओतलं. या कामाला कान लागत नव्हते.

तो वर आला तेव्हा सकाळपासून कामावर देखरेख करणारे ओव्हरसियर आत्मारामपंत अगदी जवळ आले आणि मोठ्याने म्हणाले, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"दोन पावसाळं झालं, कमी कमी व्हत गेलं, सायेब."

पंतांनी गोदाकडे पाहिलं. "सांधा तुझ्यासारखा कुणी भरत नाही. ऐकायला यांना आणत जा. त्यांच्या रोजाचं मी बघतो."

भागोजीने हात जोडले.

इस्पितळाच्या अंगणातल्या नळाला आधी तांबडं पाणी आलं, मग नितळ. गोदाचा कान आणि गाल मातीने माखले होते. ती नळाखाली वाकणार, तोच भागोजीने कुणाचा तरी तांब्या मागून घेतला, भरला, आणि चारचौघांसमोर तिच्या ओंजळीत पाणी घालू लागला.