माझा आकडा खोटा नव्हता

मी एक जुना ऑक्सिमीटर आहे. चिमट्यासारखा बोटाला बसतो आणि रक्तात प्राणवायू किती आहे ते सांगतो. मित्रांनो, ऐकताना मी चिडलेला वाटलो तर वाटू द्या. मी चिडलेलाच आहे.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिवाकररावांनी झाशीच्या बाजारात रांगेत उभे राहून मला घरी आणले. ते रेल्वेच्या सिग्नल विभागात आहेत. तेव्हा माझा केवढा मान होता! कॉलनीतल्या सात घरी मी फिरलो. "भैया, मशीन भेज दीजिए," असे निरोप यायचे. मी ९६ दाखवले की घरभर हायसे वाटायचे. लाट ओसरली आणि मी खणात पडलो, जुन्या चाव्या नि उदबत्तीच्या पुड्यांखाली.

या जानेवारीत दिवाकररावांना सर्दी-खोकला झाला. त्यांच्या पत्नी मृदुलाताईंना लहानपणापासून दमा. त्या म्हणाल्या, "अहो, खोकताना तोंडावर रुमाल तरी धरा. आणि चार दिवस बाहेरच्या खोलीत निजा."

"मौसमी जुकाम आहे गं! सर्दीला कोण घाबरतं?" म्हणून ते हसले. तसेच खोकत झाशीजवळच्या 'मोठ' नावाच्या स्टेशनावर कामाला गेले. तसेच घरी येऊन ताईंच्या शेजारी निजले.

पाचव्या दिवशी ताईंना ताप भरला. दिवाकररावांनी मागच्या वर्षी उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या त्यांच्या हातावर ठेवल्या. दोन दिवसांनी ताईंना एक वाक्यही सलग बोलवेना. तेव्हा त्यांच्या मुलीने, उर्वीने, खण उपसून मला शोधले, नवे सेल घातले आणि आईच्या बोटाला लावले.

मी ८८ दाखवले.

"बाबा, अठ्ठासी आहे! हॉस्पिटल चला."

"इतकी वर्षं पडून होतं ते. बिघडलं असेल."

मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडलो असतो! माझ्या समोर एक बाई श्वासासाठी खांदे उचलत होती आणि हे गृहस्थ माझ्यात बिघाड शोधत होते. उर्वीने बाबांचा हात ओढला आणि मला त्यांच्या बोटाला लावले. ९७. पुन्हा आईच्या बोटाला लावले. ८७.

"अब बोलो," ती म्हणाली.

ते गाडी काढायला गेले.

मी उर्वीच्या मुठीत रुग्णालयात पोचलो. दुसऱ्या दिवशी तपासणीचा अहवाल आला. डॉक्टर देवेंद्र म्हणाले, "आरएसव्ही है. साँस की नलियों का वायरस."

"वो तो बच्चों को होता है ना?" दिवाकररावांनी विचारले.

"बड़ों को भी होता है. किसी की नाक में जुकाम, किसी की छाती में निमोनिया. घर में पहले कौन बीमार पड़ा था?"

दिवाकररावांनी मान खाली घातली. "मैंने तो गोलियाँ दी थीं," ते पुटपुटले.

"वो बैक्टीरिया की दवा है. वायरस पर नहीं चलती. आपने दो दिन गँवा दिए."

ताई नऊ दिवस प्राणवायूवर होत्या. घरी आल्या, पण दुसऱ्या मजल्यावर चढताना त्यांना अजून दोनदा थांबावे लागते. एकदा जिन्यातच दिवाकरराव म्हणाले, "चूक झाली माझी."

ताईंनी कठडा घट्ट धरला. "मी चार दिवस बाहेर निजा म्हटलं होतं. तुम्ही हसलात. चूक मी माफ करीन हो. ते हसणं नाही विसरता येत मला."

दिवाकररावांनी आधाराला पुढे केलेला हात ताईंनी धरला नाही. श्वास येईपर्यंत त्या उभ्या राहिल्या, मग एकट्याच वर चढल्या.

मित्रांनो, मला पुसून कपाटात जपू नका, मला त्याची गरज नाही. आजारी असाल तर घरच्यांपासून दूर राहा, तोंड झाका, आणि उरलेल्या गोळ्या कुणाच्या हातावर ठेवू नका. आणि घरात कुणी म्हणाले की मला श्वास लागतोय, तर माझ्या आकड्याचीही वाट न बघता आधी त्या माणसावर विश्वास ठेवा.